सोळा वातींचा कांदा

कांदेनवमीची यादी आमच्या घरी मी करायचे. आषाढ लागला की अक्का म्हणायची, "सुमे, घे कागद," आणि मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागं लिहायला बसायचे. कांद्याची भजी, थालीपीठं, भरले कांदे, पीठ पेरून केलेली भाजी, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, आणि शेवटी अण्णांसाठी भाजलेला कांदा. हा शेवटचा चुलीच्या राखेत खुपसून बाहेरून पार काळा करायचा आणि ताटात मुठीनं फोडायचा. घरातला शेवटचा कांदा संपेपर्यंत खायचं, हाच त्या दिवसाचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का कांद्याची टोपली परसात नेऊन उपडी करायची, झटकायची, सालं झाडून काढायची, आणि मग कार्तिकी एकादशी होईपर्यंत चार महिने कांदा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. लसणाचंही तेच. पण लसूण गेल्याचं आम्हा कुणाला फारसं वाटायचं नाही. कांदा गेला की स्वयंपाकघराचा आवाजच कमी व्हायचा.

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत परत आली ती कायमची. झरी गावातल्या आमच्या तीन खोल्यांच्या घराचा कारभार तिच्याकडं होता. अण्णा शाळेत मास्तर, आई शांत. घरात जे काही मोठ्यानं बोललं जाई ते अक्काचं. गोठ्यातल्या कपिलेशी बोलायची, चुलीशी बोलायची, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सकाळच्या बातम्या लागल्या की बातम्या देणाऱ्यालाही उत्तरं द्यायची. चातुर्मासात तिनं लाख वातींचं व्रत धरलेलं असे. शेतातला देशी कापूस, त्यातली सरकी हातानं काढायची, पेळू करायचे आणि ओसरीवर बसून वाती वळायच्या. शंभर वाती झाल्या की एक चिंचोका डब्यात. मी घरात असले की चिंचोके मोजायचं काम माझं. यादी आणि मोजणी ही दोन कामं मला तेव्हापासून चिकटली आहेत. आजही माझ्या पर्समध्ये तीन याद्या असतात, आणि मुलगी म्हणते की त्यातली एक 'याद्यांची यादी' असते. तिचं खरं आहे.

त्या वर्षी मी परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. कॉलेजच्या भिंतींवर घोषणा असत, बसमध्ये लोक हळू आवाजात बोलत, परीक्षा कधी होतील याचा नेम नसे, आणि ज्यांच्या घरांवर ती वर्षं खरोखर कोसळली त्यांच्यापुढं आमच्या अडचणी म्हणजे काहीच नव्हत्या, हे मला तेव्हा पुरतं कळतही नव्हतं. माझी अडचण कांद्याएवढी होती. म्हणजे कांदाच होती.

वनस्पतीशास्त्राला देवसरकर सर होते. बारीक अंगाचे, पांढऱ्या कोटातले, बोटं रंगानं कायम लालसर झालेली. त्यांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलं की कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. ते टोक कापून, रंगवून, काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर गुणसूत्रं दिसतात. झाडाचं झाडपण, माणसाचं माणूसपण ज्यात साठवलेलं असतं ते धागे. एरवी ते पेशीत पसरलेले असतात, म्हणून दिसत नाहीत. पेशी दोन व्हायला निघाली की आखडून जाड होतात, तेवढाच वेळ दिसतात. कांद्यात ते सोळा असतात. "प्रत्येकानं आपली मुळं आपण वाढवायची, आपण कापायची," सर म्हणाले. "ज्या दिवशी सोळाच्या सोळा मोजून दाखवाल, त्या दिवशी जर्नलवर सही. दिवाळीच्या सुट्टीआधी सही नसेल तर परीक्षेचा फॉर्म मी पुढं पाठवणार नाही."

सही नाही तर फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर वर्ष गेलं. आमच्या घरी वर्ष जाण्याचा अर्थ ठरलेला होता. मला कॉलेजला घालताना अण्णांनी अक्कासमोर कबूल केलं होतं की पोरगी सरळ पास होत गेली तर शिकेल. एकदा का गाडी अडली की सेलूचं स्थळ पाहायचं. स्थळ वाईट नव्हतं. दुकान होतं, माणसं सज्जन होती. पण मला सूक्ष्मदर्शक आवडायला लागला होता. त्यात डोळा घातला की गाव, बस, उन्हाळा सगळं बाहेर राहायचं आणि आत एक गोल उजेड असायचा, फक्त माझा.

माझ्या पाच काचा वाया गेल्या. पाचही वेळा पेशी दिसल्या, विटा रचल्यासारख्या सुबक, प्रत्येकीत एक गुलाबी ठिपका, आणि ठिपक्यात काही नाही. सर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "झोपलेल्या आहेत. तू कापतेस कधी?"

"साडेअकराला, सर. बस अकराला येते."

"मुळं सकाळी आठ ते दहाच्या मध्ये कापायची. तेव्हा विभाजन जोरात असतं. हॉस्टेलच्या मुली बघ, खिडकीत कांदे ठेवतात, नऊला कापतात, बाटलीत टाकतात, मोकळ्या."

मग घरून कापून आण, असं त्यांनी सुचवलं. मुळं जिथल्या तिथं थिजवून ठेवणारं द्रावण त्यांनी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलं. तीन भाग अल्कोहोल, एक भाग आम्ल. मी ते दस्तीत गुंडाळून आणलं. बसमध्ये शेजारची बाई दोनदा नाक मुरडून माझ्याकडं बघत होती.

घरी कांदा आणायचा नाही, म्हणून मी आधी शेजारच्या गोदामावशीकडं गेले. मावशी शेतकऱ्याघरची, मोठ्या हाडाची, मोठ्या हसण्याची. त्यांच्याकडं चातुर्मास नव्हता. आमच्या कांद्याचं चार महिन्यांचं माहेर तेच. तिच्या खिडकीत मी पाण्याच्या ग्लासावर एक कांदा बसवून आले. चौथ्या दिवशी गेले तर ग्लास धुऊन पालथा.

"मावशी, माझा कांदा?"

"त्यो व्हय? पिठल्यात घातला की. मुळ्या फुटाय लागल्या हुत्या त्याला, वाया चालला हुता."

पुन्हा ठेवावा तर तोच धोका. तेव्हा मी एक निर्णय घेतला, आणि त्याचीही यादी केली, तीन कलमांची. कांदे गोठ्यात ठेवायचे, कडब्याच्या पेंढ्यांमागं, भिंतीतल्या कोनाड्यात. अक्का धार काढून गेली की कापायचे. आणि घरात कुणाला सांगायचं नाही. गोठा उंबऱ्याच्या बाहेर होता, त्यामुळं नियम मोडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मावशीनं तीन कांदे गोठ्याशी आणून दिले. ग्लासाच्या तोंडावर कांदा नीट बसावा म्हणून सर काडीपेटीच्या काड्या टोचायला सांगत. काड्या भिजून मोडतात, म्हणून मी बाभळीचे काटे टोचले. लांब, पांढरे, सरळ. प्रत्येक कांद्याला चारही बाजूंनी चार. मला ती स्वतःची मोठी सुधारणा वाटली होती.

तिसऱ्या दिवशी मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली. मी नऊला पहिली मुळं कापली, बाटलीत टाकली आणि बाटली तिथंच कोनाड्यात ठेवून वह्या-पुस्तकं आवरायला घरात आले. बस दहाला होती.

नेमकं त्या दिवशी कपिलेनं धारेला पाय झाडला होता. तिला काय झालंय ते बघायला अक्का पुन्हा गोठ्यात गेली. मी वेणी घालत होते तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं.

"अण्णा! अण्णा, पळ! करणी केली कुणीतरी! गोठ्यात करणी केली!"

आम्ही पळालो. अक्का गोठ्याच्या दारात उभी होती. हातात चुलीचा चिमटा, चिमट्यात माझा कांदा. आज विचार करते तर तिचा काही दोष नव्हता. चारी बाजूंनी बाभळीचे काटे टोचलेला कांदा, त्याला खालून पांढरे केसांसारखे झुबके, असे तीन एका ओळीत, अंधाऱ्या कोनाड्यात. आणि शेजारी दारूचा वास मारणारी बाटली, तिच्यात अळ्यांसारखं काहीतरी. आमच्या भागात भानामतीच्या गोष्टी ऐकत लहानपण गेलेल्या कुठल्याही बाईनं दुसरं काय म्हणावं?

"म्हणून गाय पाय झाडायली!" अक्कानं चिमटा लांब धरला. "आन मला ठाऊक आहे कुणाचं काम आहे. परवा गोठ्याकडनं कोण गेलं होतं, मी पाहिलंय."

परवा गोठ्याकडून गेली होती गोदामावशी. मलाच कांदे द्यायला आली होती. तिची शेळी आमची तुळस खाऊन गेल्यापासून अक्काचं तिच्याशी बोलणं बंद होतं. ओरडणं ऐकून मावशी भिंतीपलीकडं उभीच होती, हात पिठानं भरलेले.

"अक्का, नाव घ्या की. कुणाचं नाव घ्यायलाव?"

"ज्याचं त्याला कळतंय."

"न्हाई, घ्याच नाव. समद्या गावाला कळू द्या."

गल्लीतली दोनचार माणसं थांबली होती. मी मावशीकडं पाहिलं. ती भांडायला उभी होती, पण तिचा चेहरा उतरला होता. करणी हा शब्द एकदा एखाद्या बाईला चिकटला की धुऊन जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तिलाही. आणि मी बोलले तर कांदे जाणार, सही जाणार, सेलूचं दुकान समोर येणार, हेही माहीत होतं. माझ्या आयुष्यात यादी न करता घेतलेले निर्णय मोजके आहेत. हा त्यातला पहिला.

"अक्का, कांदे माझे आहेत. मीच ठेवलेत. कॉलेजसाठी."

अक्काच्या चेहऱ्यावरची करणीची भीती हळूहळू गेली आणि तिच्या जागी मोठं काहीतरी आलं.

"कांदा?" ती म्हणाली. "आपल्या घरात? चातुर्मासात?"

तिनं चिमटा टाकला. करणी एक वेळ तिनं सोसली असती, असं मला अजूनही वाटतं.

अण्णांनी बाटली उचलून नाकाजवळ नेली. "आणि ही दारू?"

"दारू नाही, अण्णा. स्पिरिट आणि आम्ल. मुळं टिकायला."

भिंतीपलीकडून मावशी मोठ्यानं म्हणाली, "घ्या! पोरगी तुमची दारूत मुळ्या घालायली, अन् नाव माझं!" आणि हसायला लागली. तिचं ते हसणं गल्लीत पसरलं. थांबलेली माणसं हसली, अण्णा खोकल्याच्या आड हसले, आई पदराआड हसली. अक्का हसली नाही. ती आत गेली आणि डोक्यावरून पाण्याची घागर ओतून घेतली.

मी बाटली घेऊन बस पकडली, पण दुसऱ्या दिवशी त्या मुळांची काचही चिरडताना तुटली. दोन दिवस अक्का माझ्याशी बोलली नाही. मावशीशी मात्र बोलली, तिच्या पद्धतीनं. दुपारी दाण्याचे लाडू घेऊन गेली, भिंतीवर ताट ठेवलं आणि म्हणाली, "पोरांना दे. आन शेळी बांधत जा." मावशीनं लाडू घेतले. एवढ्यात त्यांचं मिटलं. मी पुढं पुष्कळ समित्यांवर काम केलं, समेटाचं इतकं छोटं इतिवृत्त मला कुठं मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ओसरीवर चिंचोके मोजत होते. अक्का वाती वळत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय असतं त्या मुळात, एवढं जीव टाकायसारखं?"

मी सांगायला लागले. सर सांगत तसं सुरुवात केली आणि दोन वाक्यांत तिच्या चेहऱ्यावरून कळलं की काही पोचत नाहीये. मग पुस्तक सोडलं. म्हटलं, "अक्का, आत धागा असतो. लय लांब. माणसाच्या एका पेशीतला धागा सोडवला तर पुरुषभर उंच होईल, आन पेशी तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही."

"मग मावतो कसा?"

"पीळ घालून. आधी तो बारक्या बारक्या मण्यांना गुंडाळलेला असतो, मग त्या माळेला पुन्हा वळसे, मग त्या वळशांना वळसे."

अक्कानं हातातली वात ठेवली. पेळू घेतला, टकळी घेतली आणि हातभर सूत काढलं. मग टकळी थांबवलीच नाही, फिरवत राहिली, पीळ चढत राहिला. सूत ताठ झालं. तिनं दोन्ही टोकं जवळ आणली आणि सैल सोडलं. सूत आपणहून स्वतःभोवती फिरलं, वेटोळ्यावर वेटोळं चढलं, आणि बघता बघता हातभराचं सूत बोटभर झालं, जाड, गाठीगाठीचं.

"असं?" ती म्हणाली.

मी बघतच राहिले. दोन महिने जे फळ्यावर बघत होते ते तिच्या चिमटीत होतं. "असंच, अक्का."

"मग कायम असंच का नाही राहात? सोडतंय कशाला?"

"सोडल्याशिवाय पेशीला ते वाचता येत नाही. कामाला लागतं ना. फक्त पेशीच्या दोन पेशी व्हायच्या वेळेला आखडून घेतं."

अक्कानं थोडा विचार केला. "बरोबरच आहे. वाटणी करायची म्हणल्यावर आधी लड्या बांधाव्या लागतात. सुटं सूत वाटायला गेलं तर गुंता होतो, निम्मं तुटतं. ह्याला निम्मं, त्याला निम्मं, बिनगुंत्याचं द्यायचं तर बांधूनच द्यावं लागतं." आणि मग, "किती असतात म्हणालीस?"

"सोळा."

"सोळा?" तिनं प्रथमच माझ्याकडं पाहिलं. "देवाच्या पूजेचे उपचार सोळा. सोमवार सोळा. आन कांद्यात सोळा?" हे तिला कांद्याकडून अपेक्षित नव्हतं.

अण्णा आतून ऐकत होते. अक्कानं त्यांना हाक मारली. "अण्णा, चातुर्मासात कांदा खाऊ नये. बघू नये असं कुठं लिहिलंय का, पोथीत बघ जरा." अण्णांनी चष्मा लावला, पोथी काढली, पानं उलटली. आम्ही दोघी थांबलो. ते बराच वेळ अत्यंत गंभीरपणे वाचत राहिले, आणि मी शपथेवर सांगते, पोथी उलटी होती. "बघण्याबद्दल काही नाही," ते म्हणाले.

मग अक्कानं अटी घातल्या. कांदे गोठ्यातच. काटे टोचायचे नाहीत, कापसाची चुंबळ करून बसवायचे. हात राखेनं घासून धुवायचे. बाटली देवघराच्या भिंतीला लागून ठेवायची नाही. काम झालेला कांदा शेजारी गोदीकडं, म्हणजे मावशीकडं. आणि वेळ ती सांगणार, कारण माझ्यावर तिचा भरवसा राहिला नव्हता. आमचं भिंतीवरचं घड्याळ मनाला येईल तसं चालायचं. अक्काचं घड्याळ म्हणजे तुळशीचा कट्टा. उन्हाची तिरीप दुसऱ्या पायरीवर आली की आठ, वृंदावनाच्या कोनाड्यात शिरली की नऊ. पुढचा महिनाभर रोज सकाळी मी गोठ्यात कात्री घेऊन उभी आणि अक्का परसातून ओरडायची, "थांब... थांब... आता! काप!" पलीकडून मावशी विचारायची, "कापलं का, अक्का?" "कापलं!" मग दोघी आपापल्या कामाला. आई म्हणायची, ऐकणाऱ्याला वाटेल आमच्याकडं बाळंतपण आहे.

आणि पेशी जाग्या झाल्या. पहिल्याच काचेत एक पेशी सापडली, मधोमध गुलाबी काड्यांचा पुंजका. मी ओरडलेच, वर्गात सगळ्यांनी वळून बघितलं. पण पुंजक्यातल्या काड्या सुट्या मोजता येईनात. काच चिरडताना अंगठ्याचा दाब कमी पडला की पुंजका तसाच राहतो, जास्त पडला की पेशी फुटते. असे तीन आठवडे गेले. माझ्या वहीत त्या दिवसांची नोंद आहे: 'नऊ दिसले. गुंता. अकरा दिसले. पेशी फुटली. काच तुटली. तेरा, नक्की नाही.'

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. त्याच दिवशी अक्काला डोळे दाखवायला परभणीला आणलं होतं. दिवाळीआधी चष्मा हवा होता तिला. अण्णा तिला घेऊन दवाखान्यात गेले, मी कॉलेजात. त्या दिवशी मला पेशी सापडली. आयुष्यात सापडावी तशी एकच. काड्या छान पसरलेल्या, वेगवेगळ्या, जशा कुणी ताटात मांडून ठेवाव्यात. मी मोजल्या. पंधरा. पुन्हा मोजल्या. पंधरा. कागदावर काढून एकेक खोडत मोजल्या. पंधरा. चार वाजले.

सरांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं, सरळ झाले. "पेशी उत्तम आहे," ते म्हणाले. "किती?"

"पंधरा, सर."

"कांद्यात किती?"

"सोळा."

"मग शोध. पाचपर्यंत मी आहे." आणि ते खुर्चीवर जाऊन जर्नलं तपासत बसले. मला वाटत होतं, रडू येईल. एक गुणसूत्र. एवढ्याशासाठी सेलू.

साडेचारला दारात अण्णा आणि अक्का दिसले. बस साडेपाचची होती, मला न्यायला आले होते. अक्का उंबऱ्याबाहेरच थांबली, चपला काढल्या, आत डोकावली. सर उठून उभे राहिले. माझा चेहरा बघून अक्का म्हणाली, "काय झालं? कांदा कमी पडला का?"

"एक कमी आहे, अक्का. पंधराच भरायलेत."

"मला दाखव."

मी सरांकडं बघितलं. सरांनी स्टूल पुढं केलं. अक्कानं आधी उघडा ठेवायचा डोळा मिटला. मग दुसरा मिटला. मग म्हणाली, "काळं शेपूट दिसायलंय." ती तिची पापणी होती. सरांनी तिला डोकं कसं धरायचं ते दाखवलं. अण्णा हळूच म्हणाले, "डॉक्टर आत्ताच म्हणाला, नजर कमजोर आहे." अक्कानं पुन्हा डोळा लावला. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "अगं बाई. ह्या तर वाती."

ती मोजायला लागली, ओठ हलवत, जशी ओसरीवर मोजायची. पंधराला थांबली. परत आली. मग म्हणाली, "ही इथली, डावीकडची लांब. ही एक नाही. ही जोडवात आहे."

"काय?"

"दोन एकावर एक पडल्यात. एकटी वात अशी मधेच जाड नसती. टोकं बघ, वरच्या अंगाला दोन आहेत. लाख वाती वळल्यात मी, मला शिकवायली?"

मी डोळा लावला. सूक्ष्मदर्शकाची बारीक खिट्टी केसभर फिरवली. वरची काडी धूसर झाली आणि तिच्याखालून दुसरी स्पष्ट वर आली. सोळा.

सरांना आता हसू आवरलं नाही. "बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मला साडेतीन मिनिटं लागली होती." मग जर्नल पुढं ओढलं, पेन काढलं आणि थांबले. "मोजले बाईंनी. सही तुला हवी. तर एक प्रश्न तुला. पेशी विभागताना हे धागे आखडून का घेतात? एरवीसारखे पसरलेले राहिले तर काय बिघडलं?"

पुस्तकातलं उत्तर मला पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "सर, वाटणी करायची म्हणल्यावर आधी लड्या बांधाव्या लागतात. सुटं सूत वाटायला गेलं तर गुंता होतो आणि तुटतं."

सरांनी सही केली. खाली लाल बोटाचा ठसाही उमटला. ते जर्नल माझ्याकडं अजून आहे. मुलगी म्हणते, ही सही खोटी वाटते, ठसा खरा वाटतो. पुढं मी तीस वर्षं पाथरीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी त्या धड्याला टकळी घेऊन वर्गात गेले. कांद्याच्या पेशीतला धागा माणसाच्या धाग्यापेक्षाही कितीतरी लांब असतो, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. अक्का असती तर म्हणाली असती, मग, उगाच चार महिने बाहेर ठेवतात का त्याला?

परतीच्या बसमध्ये तिनं नव्या चष्म्याची चिठ्ठी घट्ट धरली होती, आणि शेजारी बसेल त्याला सांगत होती की कांद्यात सोळा वाती असतात, त्यातली एक जोडवात. पिंगळीची एक बाई म्हणाली, "असंल बाई."

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला टोपली पुन्हा स्वयंपाकघरात आली, गोदामावशीनंच भरून पाठवली होती. भज्यांची तयारी झाली. चूल पेटली, बेसन भिजलं, आईनं विळी मांडली आणि पहिला कांदा हातात घेतला. बाहेर ऊन नुकतंच चढत होतं.

"थांब," अक्का म्हणाली. ती उठून परसात गेली, तुळशीपाशी उभं राहून तिरीप बघितली आणि परत आली. "नऊच झालेत. आत वाटण्या चालू असतील. दहा वाजू दे."

आम्ही सगळे थांबलो. बेसन थांबलं, तेल थांबलं. दहा वाजले तेव्हा तिनं स्वतः मान हलवली आणि मग कांदा चिरला गेला. पुढं ती होती तोवर आमच्या घरात सकाळी दहाच्या आत कांदा कधी चिरला नाही. मी जीवशास्त्राची शिक्षिका. मला पक्कं ठाऊक आहे की टोपलीतल्या कोरड्या कांद्याला मूळच फुटलेलं नसतं, तर वाटण्या कुठल्या. तरी माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर सकाळच्या कामांची जी यादी चिकटवलेली आहे, तिच्यात दूध, पाणी, कचरा, डबे यांच्या खाली पाचवं कलम आहे: कांदा, दहानंतर.